अंगणातली फुले आणि कवितेतली फुले

ज्या दारातून दिवाळी अंक घरात येतो त्या दारावर झेंडूचे तोरण असते, आणि त्या अंकातल्या कवितांत मात्र झेंडू नसतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. झेंडूवाचून आमचा एक सण पार पडत नाही. गुढीच्या काठीला कडुनिंबाच्या डहाळीशेजारी, साखरेच्या गाठीशेजारी तो असतो. दसऱ्याला विळ्याकोयत्यापासून मोटारीपर्यंत आणि मुलांच्या दप्तरापासून दुकानाच्या तराजूपर्यंत तोच मिरवतो. लक्ष्मीपूजनाला, तुळशीच्या लग्नाला, बारशाच्या पाळण्याला, लग्नाच्या मांडवाला तो हजर. पण कवितेच्या उंबऱ्याच्या आत त्याला कोणी घेत नाही. तेथे पारिजातक आहे, बकुळ आहे, केवडा आहे, चाफा आहे. कमळे तर इतकी आहेत की, महाराष्ट्रातली सगळी तळी एकत्र केली तरी ती पुरायची नाहीत.

मी काही टीकाकार नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत मराठी शिकवू लागलेली आणि शिकविण्यातून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी बाई आहे. हा फुलांचा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकांपेक्षा मुलांच्या वह्यांनी टाकला. ‘वसंत ऋतू’ हा निबंधाचा विषय दिला की चाळीस वह्यांत एकच वसंत येतो. तो ऋतुराज असतो. त्याच्या आगमनाने धरणीमाता हिरवा शालू नेसते. मंद मंद वायुलहरी वाहतात, आम्रमंजिरी दरवळते, भ्रमर गुंजारव करतात आणि कोकिळा गाऊ लागते. (गातो तो नर, मादी नव्हे. पण ही दुरुस्ती कोणत्याही निबंधमालेला आजवर मानवलेली नाही.) हे लिहिले जात असताना वर्गाच्या खिडकीबाहेर काय असते? फाल्गुन सरत आलेला असतो. माळ पिवळा पडलेला, विहिरीचा तळ दिसू लागलेला, मैदानात धुळीची वावटळ फिरत असलेली. धरणीने शालू नेसलाच असेल तर तो विटका. आणि त्या सगळ्या उघड्याबोडक्या रानात, अंगावर एक पान नसलेला पांगारा लालभडक होऊन उभा असतो. पळस फुललेला असतो. काटेसावरीची जाड पाकळ्यांची फुले टप्‌टप् खाली पडतात आणि शेळ्या ती खातात. मुलांना हे दिसत नाही असे थोडेच आहे? पळसाच्या फुलांचा रंग करून त्यांनी आठवड्यापूर्वीच एकमेकांचे सदरे खराब केलेले असतात. परंतु लेखणी हातात आली की डोळ्यांनी पाहिलेले ते सगळे लिहिण्याजोगे राहत नाही.

एका वर्षी ‘माझे आवडते फूल’ या विषयावर एका मुलाने झेंडूचा निबंध लिहिला. घरची फुलांची शेती. त्याच्या निबंधात सुगंधाचे नावही नव्हते. उलट, झेंडूच्या पाल्याला उग्र वास असतो आणि तोडणी करून आले की तो हाताला जेवतानाही येतो, असे त्याने सांगितले होते. दसऱ्याआधी दोन दिवस घरातली सगळी माणसे रानात असतात, त्याचीही शाळा बुडते. हस्ताचा पाऊस लागला की फुलात पाणी भरते आणि फूल आतून काळे पडते; मग व्यापारी अख्खे पोते उलटे करून पाहतो. आदल्या दिवशी भाव असतो. दुसऱ्या दिवशी उरलेला माल बाजाराच्या कडेला टाकून रिकाम्या टेम्पोने परतावे लागते. आणि आमच्या घराला तोरण गावात सगळ्यांच्या मागाहून लागते, असा त्याचा शेवट होता. मी तो निबंध वर्गात वाचून दाखविला आणि आंतरशालेय स्पर्धेला धाडला. परत आला तेव्हा त्यावर लाल शाईने शेरा होता : विषयात काव्यात्मता नाही.

शेरा कोणी मारला हे सांगण्यात काही हशील नाही. तो कोणीही मारला असता. त्या लाल शाईत एका परीक्षकाची नव्हे, आम्हां सगळ्यांची रुची उतरली होती, आणि ही रुची बनते कोठे? जी कविता आपण पाठ्यपुस्तकांतून पाठ करतो, स्नेहसंमेलनांत म्हणतो, लग्नपत्रिकेवर छापतो, तिच्यात. म्हणून ती कविताच एकदा अंगणात आणून, उजेडात धरून पाहावी असे मला वाटले.

प्रथम कालिदासावरचा आळ काढून टाकला पाहिजे. काही झाले की आम्ही त्याच्याकडे बोट दाखवितो. त्याचे ऋतुसंहार ग्रीष्मापासून सुरू होते आणि वसंतापाशी थांबते; त्यातली फुले, त्यातला मोहर हे त्याने त्याच्या मुलखात, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. आमच्या कवींनी त्याच्या वसंताची नक्कल केली, त्याच्या पाहण्याची केली नाही. दख्खनच्या पठारावर उज्जैनची वायुलहरी आणून सोडली, आणि चैत्रातले ऊन आमचे कधी कवितेत आलेच नाही.

बरे, मराठीला आपला वसंत मुळी ठाऊकच नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. ज्ञानदेवांची ज्ञानेश्वरी 1290 सालची. तिच्या अठराव्या अध्यायात ओवी या छंदाचे कौतुक आहे. ओवी गाऊन म्हटली तरी गोड आणि न गाता नुसती वाचली तरी गोड; कशी, तर वसंताच्या आरंभीचा मोगरा माळेत गुंफला काय किंवा सुटा राहिला काय, त्याचा परिमळ जसा कमी होत नाही, तशी. या एका उपमेत किती गोष्टी आहेत पाहा! वसंत म्हटल्याबरोबर ज्ञानदेवांना आठवला तो मोगरा. आंब्याचा मोहर किंवा भ्रमर नव्हे. मोगरा गोल असतो, हेही ते सांगायला विसरत नाहीत. आणि त्यांच्या मनात फुलाबरोबर गुंफणेही आहे. माळ करावयाला बसल्यावर टोपलीत काही फुले सुटी राहतात आणि त्यांनाही तितकाच वास असतो, हे ज्याने घरात पाहिले आहे त्यालाच ही उपमा सुचेल. पंडिताला ती सुचायची नाही.

त्यांच्या नावाने गाइला जाणारा मोगऱ्याचा अभंग तर घराघरांत पोहोचलेला आहे. दाराशी लावलेले इवलेसे रोप, त्याची गगनाला गेलेली वेल, आणि फुले खुडावीत तसतसा येणारा नवा बहर. अध्यात्म ज्याला उमगेल त्याला उमगो. मला त्यातला माळी दिसतो. मोगरा खुडला नाही तर तो रुसतो, छाटला की जोमाने धरतो, हे बागकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. आणि तो फुलतो केव्हा? चैत्र-वैशाखात, अंगाची लाही होत असताना, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे वाटले जात असताना, पिण्याच्या माठात दोन कळ्या टाकल्या जात असताना. महाराष्ट्राचा वसंत हा असा आहे. तो उन्हाचा आहे, आणि त्याचा वास संध्याकाळी येतो.

येथून पुढे मला एकदम 1854 सालाकडे यावेसे वाटते. त्या साली सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला. सावित्रीबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलींना शिकवीत होत्या. ज्या घरात त्या लग्न होऊन आल्या त्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे फुले हे आडनाव रूढ झाले. या संग्रहात पिवळ्या चाफ्यावर कविता आहे, जाईच्या फुलावर आहे, जाईच्या कळीवर आहे, गुलाबावर आहे. नुसते ‘सुमन’, ‘कुसुम’, ‘पुष्प’ असे मोघम फूल नव्हे. नाव असलेले, रंग असलेले फूल. जाईची कळी आणि जाईचे फूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे वाटून त्यांवर दोन वेगळ्या कविता लिहिणे, हे ज्यांच्या घरात पहाटे कळ्या निवडल्या जातात त्यांचे ज्ञान आहे. आधुनिक मराठी कवितेचा इतिहास आम्ही केशवसुतांपासून शिकवितो. केशवसुतांचा जन्म 1866 चा. म्हणजे हा संग्रह त्यांच्या जन्माआधी बारा वर्षे छापला गेला होता. सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय एकत्रित निघाले ते 1988 साली. मधली शंभर-सव्वाशे वर्षे शाळांतून काव्य शिकविले गेले आणि पहिल्या शिक्षिकेच्या कविता मात्र पुस्तकात आल्या नाहीत. त्या सगळ्याच थोर आहेत असे मी म्हणणार नाही. काही पद्ये सरळसरळ उपदेशाची आहेत. पण मराठी कवितेत फुलांना नावानिशी बोलावण्याची ही जी रीत होती, ती पुढे मोडली हे आमचे नुकसान झाले.

आता बालकवी. फुलांचे नाव काढले आणि बालकवींना टाळले, तर मराठी वाचक मला घरात घेणार नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना उणेपुरे अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य लाभले; 1918 च्या मे महिन्यात आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात त्या रेव्हरंड टिळकांच्या घरी ते घरच्या मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त हा ठोंबरे भेटतो. ते वाचल्यावर त्यांच्या कविता अधिकच जवळच्या वाटतात.

‘फुलराणी’ ही कविता निसर्गकविता म्हणून शिकविली जाते. खरे पाहता ती लग्नाची कविता आहे. आमच्या वाङ्मयात इतके टापटिपीचे लग्न दुसरे क्वचितच लागले असेल. वाङ्‌निश्चयाला चंडोल जातो, सनईला वारा आहे, पखवाजाला झरे आहेत, अंतरपाट दवाचा आहे आणि तो दूर होताच सूर्यकिरण नवरीला भेटतो. एकेक मानकरी जागच्या जागी. मराठी घरातला सोहळा उचलून गवताच्या पातीवर ठेवला आणि त्याचे एक भांडेही वाजू दिले नाही, हे बालकवींचे सामर्थ्य. मुले ती कविता शिकताना आपोआप डोलू लागतात. पण एका वर्षी एका मुलीने विचारले, “बाई, हे फूल कोणते?” मी वर्गालाच तो प्रश्न घातला. कोणी तेरडा म्हणाले, कोणी सोनकी, एकाने ठासून गवतफूल सांगितले. कविता परत परत वाचली, उत्तर निघेना. सोयरीक जुळविताना मराठी माणूस कुळ विचारल्याखेरीज राहत नाही, आणि येथे चंडोलाने बोलणी पक्की केली तरी नवरीचे कुळ कोणी विचारले नाही!

हा दोष म्हणून मी सांगत नाही. फुलराणीला नाव दिले असते तर ती तेवढीच झाली असती. नाव नाही म्हणून ती कोणत्याही घरातली अल्लड पोर होऊ शकते. पण हेच बालकवी श्रावणाची कविता लिहितात तेव्हा काय करतात ते पाहण्यासारखे आहे. तेथे सोनचाफा आहे, केवडा आहे, पारिजातक आहे, नावानिशी आहेत. का? कारण त्या कवितेत परड्या घेऊन फुले-पत्री खुडणाऱ्या मुली आहेत, देवदर्शनाला निघालेल्या बायका आहेत, आणि श्रावणाचे गाणे त्यांच्या मुखावर वाचावे असे कवी सांगतो. हात आला की नाव आले. ज्या फुलाला कोणी खुडणार असते, ओवणार असते, कोणत्या देवाला कोणते हे ज्याच्या बाबतीत पाहावे लागते, त्या फुलाला मोघम राहून चालतच नाही. गणपतीला जास्वंद, शंकराला पांढरे फूल, केवडा मात्र त्याला वर्ज्य. पारिजातक आणि बकुळ भुईवर पडलेली चालतात, बाकीची नाहीत. हे शास्त्र आमच्या आज्यांना पाठ होते.

बालकवींच्या मागून आलेल्यांनी श्रावणाची परडी उचलली नाही. त्यांनी फुलराणीचे बिननावाचे फूल उचलले. बिननावाच्या फुलाला काही श्रम पडत नाहीत. ते कोठेही फुलते, केव्हाही फुलते, आणि यमकाला जुळते. ‘फूल’ आणि ‘भूल’ यांच्या जोडीने आमच्या मासिकांची किती पाने खाल्ली असतील! कवी बींच्या कवितेतला तो न बोलणारा चाफा सर्वांना प्रिय आहे, मलाही आहे. पण तो सोनचाफा की हिरवा की नागचाफा की देवळापाशी असतो तो खुरचाफा, असे कोणी विचारीत नाही. एवढ्या समर्थ कवितेला ते खपून जाते. दुबळ्या कवितेला खपत नाही.

झेंडूची हकीगत मात्र निराळी आहे. कालिदासाला किंवा ज्ञानदेवांना झेंडूबद्दल जाब विचारण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, त्यानंतर युरोपीयांच्या गलबतांतून जी झाडेझुडे जगभर फिरली त्यांतला हा एक. तो एकटा नाही. निशिगंध तिकडचाच, गुलबक्षी तिकडचीच. आणि देवळाच्या आवारात युगानुयुगे उभा आहे असे आपल्याला वाटते तो खुरचाफाही तिकडचाच! मिरची आली, बटाटा आला, तशी ही मंडळी आली आणि आमच्या देवांनी विनातक्रार त्यांना पदरात घेतले. देव उदार निघाले; कवी मात्र कोश उघडून बसले. निशिगंधाला कोणी तरी सुरेख संस्कृत नाव दिले, त्यामुळे त्याला कवितेत जागा मिळाली. झेंडूचे बारसे कोणी केले नाही. त्याच्या नावात ‘झ’ आहे, ‘ड’ आहे. उच्चार करताना तोंड भरते. मंजूळ नाही म्हणून बिचारा मागे राहिला.

मराठीत झेंडूच्या नावाने निघालेला सर्वांत गाजलेला कवितासंग्रह विडंबनाचा असावा, हा काही योगायोग नव्हे. ‘केशवकुमार’ हे टोपणनाव घेऊन आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिली. अत्रेही शाळामास्तरच, वर्गात कोणती कविता पोकळ वाजते ते त्यांच्या कानाला बरोबर कळत असणार. त्या काळचे कवी नाजूक फुलांच्या नावाने आपल्या भावना सजवीत होते, तेव्हा अत्र्यांनी त्यांच्यासमोर झेंडू आणून ठेवला : मोठा, भडक, बिनवासाचा, बाजारात ढिगाने मिळणारा. वार अचूक बसला. मराठी वाचक त्या पुस्तकाने पोट धरधरून हसला आणि अजून हसतो. अत्र्यांचा नेम झेंडूवर नव्हता, फुलांचे सोंग आणणाऱ्यांवर होता, हे मला मान्य आहे. परंतु त्यांचाही विनोद उभा राहतो तो एका गृहीतावर : झेंडू हे हसण्याजोगे फूल आहे. कवितेला विरोध करणाऱ्यानेही कवितेचीच रुची मानली! त्या हशात दसऱ्याच्या आदल्या रात्री रानात कंदील घेऊन तोडणी करणारा माणूस कोणाला दिसला नाही.

मग ही फुले आमच्या वाङ्मयात कोठेच नाहीत का? आहेत, पण ज्याला आपण वाङ्मय म्हणत आलो त्याच्या मागच्या दाराला. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडून ओव्या गोळा करून ‘स्त्री-जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. तो चाळून पाहावा. ओवीत फूल एकटे येत नाही. ते कोणाच्या वेणीत असते, कोणाच्या देवघरात असते, कोणाच्या पाळण्याशी असते; त्याच्यामागे भाऊ असतो, लेक असते, माहेरची वाट असते. साने गुरुजींच्या स्वतःच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात, जे त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, ‘मुकी फुले’ नावाचे प्रकरण आहे. न उमललेल्या कळ्या खुडू नयेत, एवढाच त्यातला आईचा मुद्दा. आमच्या किती निसर्गकवितांत झाडाविषयीची इतकी समज सापडेल?

भोंडल्याचेच पाहा. काही भागांत त्याला हादगा म्हणतात, आणि हादगा हे फुलाचे नाव आहे. आश्विनात पाटावर हत्ती काढून मुली भोवती फेर धरतात. तेथे सासर-माहेर सगळे गाण्यात येते, खिरापतीपर्यंत. डोहाळेजेवणात तर फुलांचा दागिनाच होतो. गर्भार मुलीची वाडी भरायची म्हणजे मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा सगळे फुलांचे. कधी झोपाळ्यावर, कधी बागेत, कधी चांदण्यात. त्यासाठी शेजारच्या चार बायका दुपारपासून ओसरीवर बसतात. कोणी सुईने ओवते, कोणी केळीच्या सोपटात गुंफते, कोणी नुसत्या बोटांवर दोरा फिरवून बिनसुईचा गजरा करते. गोव्यात त्याच रीतीने अबोलीचा वळेसर होतो. अबोलीला वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही, म्हणून तिला मान. त्या ओसरीवरच्या गप्पांत जेवढी कथा-कादंबरी असते तेवढी मी माझ्या पुस्तकांत आणू शकले तर धन्य होईन.

पण या ओसरीचे मी नुसते गोडवे गाऊ लागले तर तोही एक खोटा वसंतच होईल. ज्या ओसरीवर गजरे होत तिच्या आतल्या खोलीत एखादी बाई अशी असे, जिला त्या गजऱ्याला हात लावून दुसरीला देता येई, स्वतः माळता येत नसे. फुलांचा आनंद सौभाग्याच्या मापाने मोजून वाटला जात होता, आणि अनेक घरांत अजून जातो. हरिभाऊ आपट्यांनी 1890 पासून ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली. तिच्यातली यमू आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगते, आणि नवरा वारल्यावर तिचे केशवपन केले जाते. ज्या डोक्यावरचे केसच काढून घेतले, त्याला फूल कोठले? एवढी ही कादंबरी वाचून झाल्यावर कवितांतल्या रमणींच्या केसांतले गजरे मला पूर्वीसारखे वाचता येईनात. फुले ओवणारी बाई आणि फुले माळणारी बाई एकच असते असे कवितेने गृहीत धरले होते. कादंबरीने ते धरले नाही. म्हणून या एका बाबतीत मी कवितेपेक्षा कादंबरीला अधिक प्रामाणिक म्हणते. स्वतः कादंबरी लिहिते म्हणून असा पक्षपात करते, असे कोणाला वाटले तर वाटो.

मर्ढेकरांचे मात्र नाव घेतले पाहिजे. यंत्र, गर्दी आणि घुसमट यांनी भरलेल्या त्यांच्या कवितांत एके ठिकाणी फुलांना अजून वास येतो याचेच आश्चर्य आहे. फुलांना वास असतो हे गृहीत धरून लिहिणाऱ्या शंभर कवींनंतर, तो अजून शिल्लक आहे याचे नवल वाटणारा कवी आला, हे मला फार मोलाचे वाटते. आणि बहिणाबाई चौधरी, ज्यांची गाणी त्यांच्या पश्चात 1952 साली छापली गेली, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. वडाच्या हिरव्या पानांत लाल फळे पाहून त्यांना पोपटांचे पीक दिसले. ते कोणत्या निबंधमालेत मिळाले असते?

ज्या हाताने माळ होते तो हात मराठी रंगभूमीच्या मध्यभागी आला तो 1975 साली, आणि तोही विलायतेहून. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. नाव बालकवींचे, पण ही नवरी नव्हे, फुले विकणारी पोर. शॉची एलायझा लंडनच्या रस्त्यावर फुले विकते आणि फुलांच्या दुकानात नोकरी मिळावी एवढे तिचे स्वप्न असते. पु.लं.नी तिची मंजुळा केली आणि भक्ती बर्वे यांनी ती अशी उभी केली की, पाहणाऱ्यांनी तिचे मूळ परदेशी आहे हे साफ विसरून जावे. बालकवींच्या फुलराणीला कुळ नव्हते. या फुलराणीला आहे. ते तिच्या बोलीत आहे, आणि तेच पुसून टाकण्याचा विडा प्राध्यापकाने उचललेला आहे. ती शुद्ध बोलू लागली म्हणजे त्याचा प्रयोग यशस्वी. लाल शाईचा शेरा याहून वेगळा काय असतो?

गंमत अशी की, त्या नाटकातले सगळ्यांत लोकप्रिय झालेले भाषण मंजुळेचे, आणि तेही ती शुद्ध व्हायच्या आधीचे. शिकवू पाहणाऱ्या मास्तरालाच धडा शिकविण्याची शपथ ती आपल्या अशुद्ध, झणझणीत मराठीत घेते. शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत कोणी ना कोणी मुलगी कमरेला पदर खोचून, हातात फुलांची टोपली घेऊन ते स्वगत म्हणते. टोपलीत बहुतेक वेळा झेंडूच असतो, कारण तो स्वस्त मिळतो. आम्ही शिक्षक पहिल्या रांगेत बसतो आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवितो.